सोगो साहेबांचं अंदाजपत्रक

नमस्कार मंडळी. आज बुलेट ट्रेन. हो हो तीच, कंटाळलात माहितीये, घणसोली-शिळफाट्याकडच्या लोकांना तर हा विषय काढला की आधी डंपरच आठवतात. पण मला एक किस्सा सांगायचाय आणि त्याच्यासाठी आधी दोन-चार आकडे कानावर घालतो. लिहून घेऊ नका, मी परत सांगणारच आहे.

मुंबई ते अहमदाबाद 508 किलोमीटर, 12 स्टेशनं, त्यातलं आपलं ठाण्याचं म्हणजे दिव्याजवळ म्हातार्डीला. भूमिपूजन सप्टेंबर 2017. तेव्हा खर्च सांगितला 1 लाख 8 हजार कोटी, त्यातलं 81 टक्के जपानचं कर्ज, व्याज 0.1 टक्के, फेडायला 50 वर्षं. आणि गाडी धावणार कधी, तर 15 ऑगस्ट 2022. आता गंमत ऐका, मुंबईतल्या बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत जो 21 किलोमीटरचा बोगदा आहे, ज्यातले 7 किलोमीटर आपल्या ठाण्याच्या खाडीखालून जातात, त्याच्या कंत्राटावर सही झाली जून 2023 मध्ये. परत सांगतो, गाडी सुटायची होती 2022 ला आणि बोगदा खणायची सही 2023 ला. खर्च आता दोन लाख कोटींच्या जवळ पोचलाय.

तर किस्सा. साल 1955. जपानच्या सरकारी रेल्वेचा प्रमुख व्हायला कोणी धड तयार नाही, कारण रेल्वेच्याच दोन फेरीबोटी वर्षभराच्या आत बुडालेल्या, पहिल्या अपघातात हजारावर माणसं गेली आणि दुसऱ्यात शाळेच्या सहलीची पोरं, आधीच्या प्रमुखाने राजीनामा दिलेला. अशा वेळी ही खुर्ची घेतली शिंजी सोगो नावाच्या गृहस्थांनी. वय वर्षं 71! आपल्याकडे सरकारी माणसाला 58 व्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतात, आणि मग तोच माणूस पुढची वीस वर्षं सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडत बसतो, केवढी अक्कल वाया जाते हो. असो.

तर सोगो साहेबांच्या डोक्यात एकच, टोकियो ते ओसाका नवीन रुंद रुळांची वेगवान लाइन. लोक हसायचे, म्हणायचे जग विमानाकडे आणि मोटारींकडे चाललंय, तुम्ही कसले रूळ टाकताय. सोगोंनी काय केलं, हिदेओ शिमा नावाचा इंजिनिअर, जो एका मोठ्या दुर्घटनेनंतर नोकरी सोडून गेला होता, त्याला परत बोलावून घेतलं. शिमांच्या माणसांनी हिशोब मांडला, तर आकडा 30 हजार कोटी येनच्या वर गेला. सोगो म्हणाले, हा आकडा संसदेत नेला तर लाइन गेलीच समजा. मग सरकारपुढे ठेवला 20 हजार कोटी येनच्या आतला. जाणूनबुजून! कमी सांगायचं, काम सुरू करायचं, पुढचं पुढे. आपल्याकडे म्हणतातच ना, घर पाहावं बांधून, तिथे कुठलं अंदाजपत्रक शेवटपर्यंत टिकलंय.

पण म्हातारा पुढचं पण बघत होता. उद्या सरकार बदललं, कोणी काम थांबवलं तर? म्हणून जागतिक बँकेकडून कर्ज घेतलं, 1961 साली, 8 कोटी डॉलर. एकूण खर्चाच्या मानाने रक्कम किरकोळच, पण त्या करारात जपान सरकारची हमी, की काम पूर्ण करणार. म्हणजे पैसा हा एक भाग, खरा उपयोग सरकारचे हात बांधून ठेवायला!

आणि मग व्हायचं तेच झालं, खर्च चढत चढत 38 हजार कोटी येनवर गेला, म्हणजे सांगितलेल्याच्या जवळजवळ दुप्पट, बोंबाबोंब झाली, आणि मे 1963 मध्ये सोगोंना जावं लागलं. त्यांच्या मागोमाग शिमा पण गेले. पुढच्याच वर्षी, 1 ऑक्टोबर 1964 ला, टोकियो ऑलिम्पिकच्या नऊ दिवस आधी पहिली शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, सुटली. फीत कापली नव्या प्रमुखाने. आणि ज्या दोघांनी ही गाडी उभी केली त्यांना टोकियो स्टेशनवरच्या त्या कार्यक्रमाचं बोलावणंसुद्धा नव्हतं! शिमांनी घरी बसून टीव्हीवर पाहिलं. आता हेच आपल्या तीन हात नाक्याला झालं असतं तर ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांच्या सकट चाळीस जणांचे फोटो एका बॅनरवर असते, आणि खाली सौजन्य म्हणून आणखी बारा जण. मला या बॅनरचा भयंकर राग आहे, सिग्नल दिसत नाही हो. बरं, पुढे जपान्यांनाही वाटलं असणार काहीतरी, कारण आज टोकियो स्टेशनच्या 18-19 नंबर प्लॅटफॉर्मच्या टोकाला सोगो साहेबांचं शिल्प आहे.

आता ऐका. त्यांची लाइन 515 किलोमीटर, आपली 508. जवळपास तेवढीच. त्यांनी केली साडेपाच वर्षांत. म्हणून लगेच आपल्या लोकांना शिव्या घालू नका, कारण त्यांच्याकडे थोडी जमीन आणि काही बोगदे युद्धाच्या आधीपासूनच्या जुन्या योजनेतले तयार पडले होते. आपल्याकडे काम अडलं ते जमिनीवरच. पालघरच्या ग्रामसभांचा विरोध, विक्रोळीच्या जागेची कोर्टातली लढाई, ठाण्याच्या महासभेत शीळच्या जागेचा प्रस्ताव तहकूब, परत तहकूब, मग खारफुटी तोडायला हायकोर्टाची परवानगी मिळाली डिसेंबर 2022 मध्ये. सगळी जमीन ताब्यात आली जानेवारी 2024 ला. आणि ज्यांची जमीन गेली त्यांनी भांडू नये असं मी कोण सांगणार, ज्याची जळते त्यालाच कळते.

माझी तक्रार वेगळी आहे. खर्च दुप्पट झाला तर होऊ दे, पण तो वाढताना दरवर्षी आम्हाला सांगा की. सोगोंनी 1963 पर्यंत दाबून ठेवला आणि त्यांची नोकरी गेली, आपल्याकडे आकडा एवढा वाढला म्हणून कोणाची खुर्ची हलल्याचं ऐकलंय का तुम्ही?

कामाचं म्हणाल तर घणसोली ते शिळफाटा हा जवळपास 5 किलोमीटरचा तुकडा सुरुंग लावून खणला, तो सप्टेंबर 2025 मध्ये आरपार झाला. उरलेला 16 किलोमीटर अवाढव्य मशिनने खणायचा, खाडीखालचा भाग त्यातच. गाडी आधी गुजरातमध्येच धावणार, सुरतच्या बाजूला, आपला नंबर शेवटी. तोपर्यंत दिव्याला सकाळची फास्ट लोकल पकडताना आत घुसायला मिळालं तरी पुरे, काय?

चला, निर्माता काचेपलीकडून हात दाखवतायत. पुढच्या वेळी आपला पारसिकचा बोगदा, 1916 सालचा, त्याचाही एक झकास किस्सा आहे माझ्याकडे. नमस्कार.