कार्ब्युरेटरखालचा एक इंच

[इंजिनाचे जवळून दृश्य. बॉनेट उघडे, एअर फिल्टर काढलेला.]

इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोलचे मिश्रण पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याच्या, माथ्यावर ते मिश्रण तयार करणारा चार गळ्यांचा (फोर-बॅरल) कार्ब्युरेटर बसलेला आहे आणि त्याच्या बुडाशी, दोन गॅस्केटांच्या मध्ये, तपकिरी रंगाचा एक जाड चौकोनी तुकडा दिसतो आहे. हा स्पेसर. त्यात हलणारा एकही भाग नाही, त्याला वायर नाही, फिरवायचा स्क्रू नाही. तरीही एक इंच जाडीचा हा तुकडा बसवल्यावर एका गाडीचा पिकअप सुधारतो, दुसरीचा मंदावतो आणि तिसरीच्या चालीत कणभरही फरक पडत नाही. हे तिन्ही अनुभव खरे असतात, कारण स्पेसर स्वतः ताकद निर्माण करत नाही. हवा घेताना इंजिनाची नेमकी कुठे अडचण होते, त्यावर त्याचा उपयोग ठरतो.

ही अडचण समजून घेण्यासाठी आधी हवेचा हिशेब मांडावा लागतो. 5.7 लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपले सगळे सिलिंडर भरते, त्यामुळे मिनिटाला 6,000 फेऱ्यांच्या वेगात त्याला कागदोपत्री 17,100 लिटर हवा लागते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ते 85 टक्के भरले असे धरले, तरी दर मिनिटाला साडेचौदा हजार लिटर हवा कार्ब्युरेटरच्या गळ्यांतून जाते. गळ्यातला निमुळता भाग म्हणजे व्हेंच्युरी. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि दाबाच्या त्या फरकामुळे फ्लोट चेंबरमधले, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतले, पेट्रोल जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या बारीक भोकातून, वर खेचले जाते. जाणकार या ओढीला सिग्नल म्हणतात. सिग्नल जोरदार असेल तर पेट्रोलचे बारीक तुषार होतात. तो दुबळा पडला तर थेंब मोठे राहतात आणि ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळते.

[दोन स्पेसर टेबलावर शेजारी शेजारी.]

डावीकडच्या स्पेसरला चार स्वतंत्र भोके आहेत, तर उजवीकडचा मधून पूर्ण मोकळा आहे. चार भोकांचा स्पेसर प्रत्येक गळ्यातली हवा आणखी थोडे अंतर वेगळी ठेवतो, तिचा वेग टिकवतो आणि सिग्नल सांभाळतो. म्हणून कमी आणि मधल्या आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) त्याचा फायदा जाणवण्याची शक्यता अधिक असते. मोकळा स्पेसर कार्ब्युरेटरखालच्या पोकळीचे आकारमान वाढवतो. ड्युअल-प्लेन मॅनिफोल्डमध्ये ही पोकळी मधल्या भिंतीने दोन भागांत विभागलेली असते आणि प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला चारपैकी दोनच गळे येतात. मोकळ्या स्पेसरमुळे भिंतीच्या वर दोन्ही भाग एकमेकांना मिळतात, सिलिंडर चारही गळ्यांतून हवा ओढू शकतो आणि वरच्या आरपीएमवर इंजिनाचा श्वास मोकळा होतो. पण त्याच वेळी सिलिंडरच्या ओढीचे झटके त्या वाढलेल्या पोकळीत विरतात, व्हेंच्युरीवरचा सिग्नल कमी होतो आणि गाडी चौकातल्या लाल दिव्यापाशी उभी राहून निघताना पूर्वीइतकी चटकन उचलत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर ही देवाणघेवाण परवडते. रोज चालवायच्या गाडीत ती क्वचितच पटते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उंचीचाही स्वतंत्र परिणाम असतो. सिंगल-प्लेन मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे जिथे ही पोकळी एकसंध असते तिथे, कार्ब्युरेटरमधून खाली येणारे मिश्रण तळाजवळ काटकोनात वळते, आणि हे वळण तीव्र असेल तर हवा वळते पण पेट्रोलचे जड थेंब सरळ जाऊन तळावर आपटतात. एक-दोन इंच उंची मिळाली की वळण सौम्य होते.

[गाडी येऊन थांबते. इंजिन बंद होते.]

चालत्या गाडीपेक्षा नुकतीच बंद केलेली गाडी कार्ब्युरेटरला अधिक छळते. पंखा आणि पाण्याचे अभिसरण थांबलेले असते, आत येणारी थंड हवा थांबलेली असते आणि मॅनिफोल्डची उष्णता सावकाश वर चढू लागते. पेट्रोलमधले हलके घटक 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात; त्यामुळे फ्लोट चेंबरमधले पेट्रोल खदखदते, थेंबाथेंबाने मॅनिफोल्डमध्ये ओघळते आणि दहा-पंधरा मिनिटांनी स्टार्टर मारला की इंजिन ओले होऊन घुरघुरत राहते. इथे तपकिरी रंगाचे महत्त्व कळते. तो रंग फिनॉलिकचा, म्हणजे कागदाचे किंवा कापडाचे थर राळेत घट्ट दाबून केलेल्या पदार्थाचा आहे. तो उष्णता फारशी वाहून नेत नाही. ॲल्युमिनियमचा स्पेसर दिसायला देखणा असतो आणि हवेची वाट बदलण्यापुरता तोही चालतो, पण उष्णता तो जशीच्या तशी वर पोहोचवतो.

उष्णतेची हीच गोष्ट फिल्टरपर्यंत नेली पाहिजे. उघडा गोल फिल्टर बॉनेटखालची हवा ओढतो. बाहेर 30 अंश आणि बॉनेटखाली 60 अंश तापमान असेल, तर तेवढ्याच आकारमानात हवेचे वजन सुमारे 9 टक्के कमी भरते, आणि हवा जितकी कमी, तितकेच पेट्रोल कमी जाळता येते. मॅनिफोल्डमधून जाताना हवा पुन्हा थोडी तापते, म्हणून हा सगळा फरक चाकापर्यंत पोहोचत नाही. तरीही बाहेरची थंड हवा हा सर्वांत भरवशाचा फायदा आहे. वेगामुळे हवा इंजिनात कोंबली जाते, या समजुतीला मात्र फारसा आधार नाही. ताशी 100 किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अर्धा टक्का असतो आणि 200 किलोमीटरलाही तो 2 टक्क्यांच्या आतच राहतो. 1969 च्या शेव्हरोले कमॅरोला काऊल इंडक्शनचे बॉनेट मिळत असे, त्याचे तोंड पुढे नसून मागे, समोरच्या काचेच्या पायथ्याशी होते. तिथे हवा दाटते आणि ती इंजिनाच्या उष्णतेपासून दूर असते.

[एअर फिल्टरच्या झाकणावर मऊ मातीचे चार गोळे.]

स्पेसर बसवण्याआधी हे गोळे ठेवावेत, बॉनेट हळूच पूर्ण लावून पुन्हा उघडावे आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजावी. ती सर्वांत कमी जिथे भरते, तेवढीच जागा आपल्या हातात असते, आणि इंजिन झटक्यासरशी आपल्या माउंटवर हलते हे लक्षात घेऊन त्यातलीही काही मोकळी सोडावी लागते. जागा पुरत नाही म्हणून बुटका फिल्टर लावणे ही मोठी चूक ठरते, कारण झाकण कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आले की खाली मिळवलेले वर गमावले जाते. फ्लोट चेंबरच्या हवेच्या नळ्याही फिल्टरच्या आतच उघडल्या पाहिजेत. त्यांना वेगळा दाब मिळाला तर पेट्रोलचे मोजमाप बिघडते.

स्टड लांब लागतात, ॲक्सिलरेटरच्या जोडणीचा कोन बदलतो, पेट्रोलची नळी ताणली जात नाही ना हे पाहावे लागते. नट तिरपे, आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. एकाच कोपऱ्यावर जोर दिला तर कार्ब्युरेटरचे बूड वाकते आणि सांध्यातून हवा शिरते. इंजिन आयडलवर ठेवून सांध्याभोवती पाण्याचा बारीक फवारा मारला आणि आवाज बदलला, तर गळती तिथेच आहे.

[स्पार्क प्लगचे जवळून दृश्य.]

शेवटचे काम जेटचे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला हवेचे 14.7 भाग लागतात, पण पूर्ण ताकदीसाठी इंजिनाला हे प्रमाण साधारण साडेबारा ते तेरा हवे असते. थंड, जड हवा आत येऊ लागली की जुने जेट अपुरे पडू शकतात, आणि पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे, राहिले तर ठोके पडून पिस्टनला इजा होते. म्हणून एका वेळी एकच बदल करून, बॉनेट लावून, ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलची एक फेरी घ्यावी, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढावा, आणि एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याचा आकडाही नोंदवावा. हा प्लग पांढरट आहे, म्हणजे मिश्रण पातळ आहे. जेट एक नंबर मोठा बसवून गाडी पुन्हा त्याच फेरीला निघते आहे.