माळवदावर चढणारा माणूस

(गावातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त स्थापत्य अभियंत्यानं केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

सरपंचताई, गुरुजी, आणि मागं पाराच्या कट्ट्यावर बसलेली मंडळी,

पत्रिकेत माझ्या नावापुढं तुम्ही ‘वारसा अभ्यासक’ असं छापलंय. तो मी नव्हे. चौतीस वर्षं मी सरकारी बांधकामात काढली आणि त्या काळात जुन्या इमारती वाचवल्या कमी, पाडायला लावल्या जास्त. एका गावच्या चावडीच्या कागदावर ‘मोडकळीस आलेली, वापरास अयोग्य, पाडणे इष्ट’ हा शेरा माझ्याच हातचा आहे. आत वीस मिनिटंसुद्धा थांबलो नव्हतो. पाडताना तुळया निघाल्या त्या अखंड सागाच्या, ना कीड ना कूज. बिघडलं होतं ते एका कोपऱ्यातलं पन्हाळ, तिथून पाणी भिंतीत मुरत होतं. पत्र्याचं नवं पन्हाळ बसवायचं काम होतं, अर्ध्या दिवसाचं. शेरा लिहायला त्याहून कमी वेळ लागला.

आपल्या भागात जुन्या घरांविषयी बोलायचं तर ३० सप्टेंबर १९९३ ला वळसा घालून जाता येत नाही. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, त्या सगळ्या पट्ट्यात हजारो माणसं गेली ती मुख्यतः स्वतःच्या घराखाली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. तेव्हापासून माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर, म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. शहरातले पाहुणे आत येऊन ‘किती गार वाटतं हो!’ म्हणतात, पण रात्री त्यांना त्याखाली झोपायचं नसतं. घरकुलाचे पैसे मंजूर झाले म्हणून कुणी मातीचं घर उतरवलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण माणसं कशानं मेली ते नीट समजून घ्या, कारण तिथंच आपण जुन्याला सरसकट गुन्हेगार ठरवून मोकळे झालो. माळवदावर दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, पांढरी माती टाकायची रीत. जुनी माती कुणी काढत नाही, नवी वर पडत जाते. पणजोबाच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या वेळी दोन फुटांवर जातो. हिशेब करा. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे नऊ टनांच्या आसपास वजन. भरलेला ट्रक डोक्यावर उभा करून आपण खाली झोपत होतो. त्यात भिंत कशी, तर बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक, मधे गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून धरणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की भिंत मधून फाकते.

आता दुसरी बाजू. ज्या घरांत छपराचा भार भिंतीवर नसून खांब-तुळयांवर होता, म्हणजे खऱ्या अर्थानं खणाची घरं, त्यांच्या भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिलेला मी पाहिलाय, आणि त्याखालून माणसं चालत बाहेर आली. तेव्हा माती खरवडून वीतभर ठेवा, भिंतीत ठरावीक अंतरानं आरपार दगड घाला, खांब आणि तुळई जोडतात तिथं तिरके टेकू मारा. भूकंपानंतर हेच सगळं सांगितलं गेलं होतं. ऐकलं किती जणांनी, ते तुम्हाला ठाऊक आहे. उलट आपण काय केलं? पांढऱ्या मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट तिला सोडू देत नाही. बाहेरून भिंत चकचकीत, आतून चिखल.

वाडा पडायची सुरुवात मात्र वाटणीपासून होते. सात वारस, त्यातले चार पुण्यात, एक सुरतेला. माळवदावर चढायचं कुणी? एक उन्हाळा चुकला की गळतं, दोन-तीन चुकले की तुळईचं टोक कुजतं. मग एक दिवस टेम्पो येतो. नक्षीची चौकट, ढाळजेचे खांब, कड्या-कोयंड्यासकट दार, सगळ्याचा एकच उक्ता भाव. ती चौकट पुढं कुठल्या तरी हॉटेलच्या भिंतीला टेकून उभी राहते. विकणाऱ्यालाही मी दोष देत नाही, त्याच्या हिश्शाला दारच आलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की टेम्पो यायच्या आधी कुणीतरी टेप घेऊन यावं.

कारण जातं ते नुसतं लाकूड नसतं. भिंतीतलं बळद म्हणजे धान्याची कोठी, जमिनीतलं पेव म्हणजे धान्याचा खोल खड्डा, त्यात उतरायच्या आधी कंदील सोडून हवा बघायची पद्धत, हे सांगणारी माणसं या सभेत आता चार-पाचच असतील. वेशीबाहेर चुना मळायच्या घाण्याचं दगडी चाक पडलंय. आज सकाळी पोरं त्यावर बसून मोबाईल बघत होती. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, ‘जुनं जातं असंल.’

स्वामित्व योजनेत ड्रोन आला, गावठाणाची मोजणी झाली, मिळकत पत्रिका मिळाल्या. चांगलं झालं, गावठाणातल्या घराला सातबारा नसायचाच. पण ड्रोनला वरून छपरं दिसली. आत खण किती, बाळंतिणीची खोली कुठली, रझाकारांच्या वेळी दागिने कुठल्या बळदात लपवले, हे त्याला कसं दिसणार?

आणि इतिहास वेशीच्या आतच राहत होता असं समजू नका. ‘आपला वारसा’ म्हटलं की सगळे देशमुखांच्या गढीकडं बोट दाखवतात. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या आजोबांना विचारा, १९७२ च्या दुष्काळात हा पाझर तलाव कुणी खोदला, सुकडी कशी वाटायचे, पाणवठे कुणाचे वेगळे होते. तलावाचा भराव ही गावातली सगळ्यात मोठी बांधलेली वस्तू आहे, आणि बांधणाऱ्या एकाचंही नाव तिथं लिहिलेलं नाही.

आपल्या भाषेत शेत म्हणजे काळी आणि गाव म्हणजे पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडली, राख पडली, शेण-माती पडली, त्यातून ती पांढरी झाली. ही माती माळवदाला हवी म्हणून आपण जुनी टेकाडं उकरली, आणि त्यांतूनच मणी, नाणी, खापरं निघाली. तेरला हेच झालं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर म्हणून मोठं शहर सांगितलंय, ते आपलं गोरोबाकाकांचं तेर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी लोकांना सापडलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. आज तिथं सरकारी संग्रहालय आहे ते त्यांच्या नावानं. सुरुवात एका गावकऱ्याच्या घरातून झाली. तेरचं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ पाहिलंय ना? पाठ हत्तीसारखी गोल. मुळात तो बौद्ध चैत्य असावा असं काही अभ्यासक म्हणतात. देव बदलला असेल, पण दिवा लावायला रोज कुणीतरी आत जात राहिलं.

म्हणून मारुतीशेजारच्या वीरगळाला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीच्या दगडाला, शेंदूर फासलाय यावर मी हळहळत नाही. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, तुम्ही त्याला भैरोबा म्हणता. म्हणा. शेंदूर होता म्हणून तो आजवर पायरीला लागला नाही. देवळाच्या दगडी खांबांना ऑईलपेंट मात्र कृपा करून देऊ नका, आणि गाभाऱ्यात टाइल्स बसवू नका. वर्गणी उरली असेल तर शिखरावरचा पिंपळ मुळासकट काढा.

कागदांचं एक सांगतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आला. निजामाच्या राज्यातले आपले कागद, काही मोडीत, काही उर्दूत. ज्यांनी आजोबांची गाठोडी बंबात घातली होती, ते तेव्हा कपाळाला हात लावून बसले. घरात गाठोडं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. धुतलेल्या सुती कापडात बांधा आणि वरच्या फळीवर ठेवा. मोबाईलवर फोटो काढा, कुणाच्या घरचं ते लिहून ठेवा.

आता तुमच्या चावडीचं. संरक्षित स्मारकांच्या यादीत ती कधी येणार नाही, त्याची वाट पाहू नका. ग्रामपंचायतीच्या पुढच्या बैठकीत पाडायचा विषय आहे असं ताई म्हणाल्या. दुपारी मी आत जाऊन आलो, या वेळी दोन तास बसलो. खांब शाबूत आहेत. पश्चिमेची भिंत फुगलीय, ती उतरवून पुन्हा रचावी लागेल. माळवदावर माती किती साचलीय ते खालून कळत नाही, आणि त्यावरच बरंचसं ठरणार आहे. दुरुस्त झाली तर वाचनालय तिथं हलवा, कुलूप लावून जपू नका. आणि पाडायचंच ठरलं, तरी आधी मोजून काढू.

उद्या सकाळी सातला मी चावडीपाशी आहे. नववी-दहावीची चार पोरं द्या, आणि बळदाचं सांगणाऱ्या त्या आज्जींना खुर्ची. टेप आणि वही माझ्याजवळ आहे. शिडी मात्र कुणाच्या तरी घरून आणावी लागेल, बारा फुटी तरी हवी.