हापशाचं पाणी

(पहाट. हापशाच्या दांड्याचा आवाज. हंड्यांची रांग.)

हे पाणी बघा. नितळ आहे, वास नाही, चवही बरी. गाळा, उकळा, मेडिक्लोरसारखं जंतुनाशक टाका, यातल्या फ्लोराइडला काही होत नाही. उलट उकळून पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतंच.

आपण किनवट भागात आहोत. नांदेड जिल्ह्याचं हे टोक, पुढे तेलंगणाची हद्द. राज्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टवर बसलाय, इथे मात्र ग्रॅनाइट वर येतो. त्याच्या खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं अडकून राहिलं की ते पाण्यात उतरतं. म्हणून बोअर जितकी खोल, तितकी भीती सहसा जास्त.

(जुनी पायविहीर. पायऱ्यांवर गवत.)

पण हापशाला नावं ठेवण्याआधी ही विहीर बघा. लोक पायऱ्या उतरून, पाण्यात उभं राहून घागरी भरायचे आणि त्याच पाण्यातून नारू व्हायचा. हातभर लांबीचा जंत काडीला गुंडाळत दिवसचे दिवस पायातून ओढून काढायचा. 1972च्या दुष्काळानंतर बोअर आणि हापसे गावोगाव पोचले. पुढे देशभर गेलेल्या हातपंपाचे पूर्वज जालना आणि सोलापूरला घडले, हे आपण विसरूनच गेलोय. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996मध्ये नोंदला गेला. त्यात हापशाचा वाटा मोठा.

(शाळेची पडवी. हसणारी मुलं.)

एका लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं. दुसरी सोयच नसेल तर दीड. त्याहून जास्त पोटात जात राहिलं की दातांवर आधी खडूसारखे पांढरे पट्टे उमटतात, मग तपकिरी. घासून जात नाहीत. ‘गुटखा खातोस का रे?’ असं पाहुणे विचारतात आणि पोरगं तोंड मिटून घेतं.

दातांनंतर हाडांची पाळी. तपासणी साधी आहे. वाकून पायाची बोटं धरा, हनुवटी छातीला लावा, हात डोक्यामागे न्या. चाळिशीतल्या माणसाला हे जमत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, कामानं अंग धरलंय.

(बादलीत तुरटी ढवळणारे हात.)

तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनेच शोधली. काम करते. पण रोज बेतानं तुरटी घालायची, पाणी निवळू द्यायचं, खालचा गाळ लांब नेऊन टाकायचा, हे सगळं रानातून आलेल्या बाईनेच करायचं. त्यापेक्षा मला ती उथळ, पावसाने भरणारी विहीरच बरी वाटते. पायऱ्या बंद करून, कठडा बांधून, मेडिक्लोर टाकून. फक्त ती मार्चपर्यंतच पुरते. मग पुन्हा हापसा.

(हापशावर एक आई. कडेवर मूल.)

हे मूल दोन वर्षांचं आहे. त्याचे पुढचे कायमचे दात आत्ता हिरडीच्या आत घडताहेत. ते दिसायला अजून चार-पाच वर्षं आहेत.