अंगठा चालेल, शुद्ध हवी

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात एका वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, वेचणीचे दिवस आहेत, तरी वावरातून थेट इथं आलात. म्हणून लांबण लावत नाही. तालुक्याच्या कोर्टात मृत्युपत्राचे जे वाद मी लढलो, त्यांतल्या कितीतरी वादांत कागदाला नाव ठेवायला जागा नव्हती. भांडण एकाच गोष्टीवर पेटायचं: अंगठा उठवला तेव्हा बाबाजी शुद्धीवर होते का?

1925 च्या भारतीय वारसा कायद्याचं 59 वं कलम हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ख्रिश्चन अशा सगळ्यांना लागू आहे. मुसलमान बांधवांचे नियम वेगळे. त्यांना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडं मृत्युपत्रानं देता येत नाही. हे कलम फक्त दोन गोष्टी मागतं. वय 18 पूर्ण हवं आणि मन ठिकाणावर हवं. शिक्षणाची अट नाही, वयाला वरची मर्यादा नाही. आंधळा, बहिरा, मुका माणूसही मृत्युपत्र करू शकतो. आपण काय करतोय हे त्याला कळलं पाहिजे. आणि मायबहिणींनो, बाईच्या नावावर जे आहे ते ती आपल्या मनानं देऊ शकते. नवऱ्याची किंवा पोराची परवानगी लागत नाही.

आता मन ठिकाणावर असणं म्हणजे काय, इथं जरा थांबतो. सगळा घोटाळा इथंच होतो.

एकदा मला एका घरी बोलावलं. ओसरीत बाजेवर म्हातारबुवा. मी विचारलं, "जेवण झालं का, काकाजी?" "झालं." डॉक्टरांचं नाव सांगितलं, सुनेला ओळखलं. पोरं म्हणाली, बघा, सगळं कळते त्यांना. मग मी विचारलं, वावर कोणाला द्यायचं? म्हणाले, "मोठ्या भावाले. थोच वाहते ना." मोठा भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि ते वावरही विकलेलं होतं. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. पोरं नाराज झाली, पण माझा इलाज नव्हता. कायद्यातच असं उदाहरण दिलं आहे: आजूबाजूला काय चाललंय ते दिसतं, रोजच्या प्रश्नांना उत्तरं देता येतात, पण आपली मालमत्ता काय, आपले नातेवाईक कोण, कोणाला देणं योग्य, याची समज नाही. अशा माणसाचं मृत्युपत्र टिकत नाही.

त्याच कायद्यात उलटं उदाहरणही आहे. माणूस अगदी खंगलेला आहे, हातपाय थकलेत, पण कोणाला काय द्यायचं याचा विचार स्वतः करू शकतो. त्याचं मृत्युपत्र वैध. म्हणून आजारी आहे एवढ्यावरून कोणाचा हक्क काढून घेऊ नका. मनाचा आजार असलेला माणूसही, मधल्या काळात पूर्ण भानावर असेल, तर त्या वेळी मृत्युपत्र करू शकतो. दारूच्या नशेत किंवा तापाच्या भ्रमात काय करतोय हेच कळत नसेल, तर मात्र नाही. बघायचं असतं ते त्या घडीचं भान.

हे भान कोर्टात सिद्ध कोण करणार? जो मृत्युपत्र पुढं आणतो तो. सर्वोच्च न्यायालयानं 1958 साली एका गाजलेल्या निकालात सांगितलं, की मृत्युपत्राभोवती संशयाची परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याचं ओझंही त्याच्यावरच. ज्याला सगळं मिळणार त्यानंच कागद लिहून आणला, त्यानंच साक्षीदार गोळा केले, सही लटपटती, बाकीच्या लेकरांना काही नाही आणि का नाही तेही लिहिलेलं नाही, की न्यायाधीश कागद बारकाईनं बघणारच. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही. मी मात्र करा म्हणतो. पण नोंदणीचा शिक्का म्हणजे शुद्धीचा दाखला नव्हे. डॉक्टरांचा दाखला कायदा मागत नाही. घ्यायचाच तर ज्यांनी म्हाताऱ्याशी खरोखर बोलून बघितलं त्यांचाच घ्या.

साक्षीदार किमान दोन. दोघांनीही अंगठा उठताना पाहिलेला हवा, किंवा हा माझाच अंगठा असं त्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि त्याच्यासमोर आपली सही केलेली हवी. तुमच्याहून तरुण, गावातच राहणारे, ज्यांना काही मिळणार नाही असे दोघं निवडा. उद्या कोर्टात तेच बोलणार आहेत.

एक आजीबाई सांगतो. त्यांना त्या दिवशीचा वार सांगता आला नाही. पण मी सगळ्यांना बाहेर पाठवलं तेव्हा बोटांवर मोजत म्हणाल्या, "नाल्याकाठचं दीड एकर लहानीले, तिचा नवरा गेला. विहिरीजवळचं दोन एकर पोराले. घर दोघांचं. मोठीले काही नाही देत, तिच्या लग्नात एक एकर विकलं होतं, तिले मालूम आहे." सातबारा काढून पाहिला, शब्दन् शब्द जुळला. मी लिहिलेलं वाचून दाखवलं, तर मध्येच थांबवून म्हणाल्या, विहिरीच्या पाण्यात लहानीचा वाटा लिहा, नाहीतर थे वावर कोरडंच राहीन. ते लिहिलं, मग अंगठा घेतला.

दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या. मोठीचं घर पावसात पडलं होतं, घराचा तिसरा वाटा तिला द्यायचा होता. जिवंत असेपर्यंत आणि भान असेपर्यंत मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं. आम्ही नवा कागद केला, त्यात जुना रद्द केल्याचं लिहिलं, आणि या वेळी साक्षीला त्यांनी शेजारच्या दोन पोरांना स्वतःच हाक मारली.