पॅकिंग न फाडता छोटं इंजिन कसं खोलायचं

हे बघा. पाण्याच्या पंपाचं चार-स्ट्रोक इंजिन, साइड कव्हर काढलेलं. मधलं पॅकिंग, म्हणजे तेल गळू नये म्हणून सांध्यात बसवलेला कागद, फाटलंय: अर्धं कव्हरला, अर्धं ब्लॉकला. (कॅमेऱ्याजवळ धरून) हा कागद तापून-तापून अ‍ॅल्युमिनियमला भाजून चिकटलाय, वर कोणीतरी शेलॅक, म्हणजे चिकट लाखही फासलीय. सुटणार कसं?

आता हे दुसरं घेऊ. आधी ऑइल काढा. शाफ्टवरचा गंज पॉलिश पेपरने घासून तेलाचा हात द्या, नाहीतर कव्हर ओढताना शाफ्टभोवतीचं रबरी ऑइल सील फाटेल. मग 12 चा पाना. बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे ढिले करत. सगळे निघाले तरी कव्हर हलत नाही, कारण आत डॉवेल पिना, म्हणजे कव्हर नेमक्या जागी धरणाऱ्या खुंट्या असतात. नेमका इथेच पेचकस घुसवतात लोक. नका हो! मऊ अ‍ॅल्युमिनियमवर एक ओरखडा, की नवं पॅकिंगसुद्धा तिथून तेल गाळणार.

प्लॅस्टिकचा हातोडा घ्या. कव्हरच्या जाड कडेवर, चहूबाजूंनी, हलकेच. (ठोकत) ऐकलंत? आवाज बद्द झाला, म्हणजे सुटलं. नाहीच सुटलं तर फटीवर पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं पातळ तेल) सोडून रात्रभर ठेवा. घाई कशाला? उरलेलं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. जुनं करडं पॅकिंग असेल तर आधी ओलं करा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ छातीत जायला नको.

पण खरी मेख बसवण्यात आहे. दोन्ही तोंडं स्वच्छ पुसा आणि नव्या कागदी पॅकिंगला दोन्हीकडून ग्रीसचा पातळ हात द्या. नुसती चकाकी दिसेल इतकाच. पुढच्या वेळी ते अख्खं हातात येईल. ट्यूबमधली सिलिकॉनची पेस्ट मला इथे आवडत नाही. जास्तीचं आत ओघळतं आणि तुकडे तेलाच्या वाटेत अडकतात.

कार्बोरेटरला मात्र ग्रीस नको, पेट्रोल ते धुवून नेतं. तिथे पॅकिंगवर मऊ शिसपेन्सिल घासा. आणि हेडचं पॅकिंग कोरडंच बसवा, दरवेळी नवं.

इंदूरच्या सियागंज बाजारातून पॅकिंगची शीट आणून घरी कापणार असाल तर जुन्याची जाडी व्हर्नियरने मोजून न्या. बोल्टजवळ मोजू नका, तिथे ते दबलेलं असतं. शीट जाड निघाली तर क्रँकचा, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याचा, आडवा खेळ (मोकळी हालचाल) वाढतो, फार पातळ निघाली तर क्रँक आवळला जातो.