दोन तासांची जमीन

(बडोद्यात मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मघाशी चहाच्या वेळी एक काका म्हणाले, "बडोद्यात बसून खलाशांवर व्याख्यान? आपलं पाणी म्हणजे सूरसागर, त्यातही मधोमध महादेव उभा!" मी म्हटलं, काका, ओखा मंडळ गायकवाड सरकारचंच होतं, आणि ओखा बंदर सयाजीरावांच्या कारकिर्दीतच उभं राहिलं. राजधानी कोरडी असेल, संस्थान नव्हतं.

मी तेवीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. एकदा एका बंदरात आमचं जहाज तीन दिवस धक्क्याला होतं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे चहाचं दुकान, दुकानात माणसं गप्पा मारतायत. आणि शिडीच्या तळाशी पहारेकरी. सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, दाखवली, पासपोर्ट दाखवला. तो म्हणाला, व्हिसा? माल उतरवायला आम्ही चालत होतो, पाय उतरवायला नाही. चार महिने समुद्रावर असलेल्या माणसाला किनाऱ्यावर हवं तरी काय असतं? एक सिमकार्ड, दाढीचं सामान, आणि न हलणारी खुर्ची. दोन तास पुरतात. याला आम्ही शोअर लीव्ह म्हणतो.

हा दोन तासांचा हक्क कागदावर जुना आहे. १९५८ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार क्रमांक १०८ केला: खलाशाला त्याच्या देशाने ओळखपत्र द्यावं, आणि ते पाहून दुसऱ्या देशाने त्याला किनाऱ्यावर येऊ द्यावं. पण ओळखपत्राचा साचा एक नव्हता. कुणाचं पुस्तक, कुणाचं कार्ड, खरं-खोटं ओळखायचं कसं? मग २००१ चा सप्टेंबर उजाडला आणि बंदरांना एकदम कुंपणं आली. २००३ च्या जूनमध्ये करार १८५ झाला, २००५ च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यात सरळ सौदा होता. खलाशाने बोटांचे ठसे द्यायचे, त्या बदल्यात शोअर लीव्हसाठी व्हिसा मागायचा नाही.

ठशांवरून एक गंमत सांगतो. सरकारी कामात हाताचा ठसा घ्यायची सुरुवात आपल्याकडेच झाली. १८५८ साली बंगालमध्ये हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला होता. उद्देश इतकाच की उद्या त्याने "सही माझी नाही" म्हणू नये. ठशाच्या जन्मातच अविश्वास आहे, बघा.

तर पहिल्या योजनेत दोन बोटांच्या ठशांचा सांकेतिक नमुना कार्डावरच्या बारकोडमध्ये छापायचा होता. तो वाचणार कोण? विमानतळ आणि पासपोर्टवाले तोवर दुसऱ्याच वाटेने गेले होते: चिपमध्ये चेहरा. आपल्या डभोईची छोटी गाडी आठवा. अडीच फुटांच्या रुळांवरचा डबा कितीही भक्कम असला तरी मियागामला साडेपाच फुटांच्या रुळांवर चढत नव्हता. माल उतरवून पुन्हा भरावा लागायचा. खलाशांचं ओळखपत्र असंच नॅरोगेजवर राहिलं. म्हणून २०१६ मध्ये दुरुस्ती केली, ती जून २०१७ पासून लागू झाली. आता कार्ड ई-पासपोर्टच्याच मापाचं: स्पर्श न करता वाचता येणारी चिप, आत चेहऱ्याचं चित्र, आणि देणाऱ्या देशाची डिजिटल सही. आतला मजकूर कुणी बदलला की सही जुळत नाही. खिशातून परस्पर वाचताही येत नाही. कार्डावर छापलेला क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत आधी वाचावी लागते, तीच किल्ली.

भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये करार मान्य केला, आणि २० फेब्रुवारी २०२० ला नौवहन महासंचालनालयाने सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या मदतीने कार्डं द्यायला सुरुवात केली. चेहऱ्याची माहिती असलेलं खलाशांचं ओळखपत्र जगात पहिल्यांदा आपण दिलं. अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू? माहिती घ्यायला सुरुवातीला देशात नऊ केंद्रं ठरली, त्यातली आपल्या बाजूची मुंबई आणि कांडला. म्हणजे बडोद्याच्या पोराला समुद्र गाठायच्या आधी रेल्वे गाठायची. आणि नशीब बघा, महिन्याभरात कोविड आला. त्या वर्षी जगभरात चारेक लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. अशा वेळी खिशात कुठलं का कार्ड असेना.

इथे कुणीतरी विचारलं, आधार आहे की, हे कशाला? आधार आपल्या सर्व्हरला विचारतं. परदेशातल्या बंदरावर रात्री दोन वाजता बसलेला अधिकारी आपल्या सर्व्हरला काय विचारणार? आणि आधार नागरिकत्व सांगत नाही. हे कार्ड सांगतं, पण त्यावर ठळक लिहावं लागतं की हा पासपोर्ट नाही. जहाजावर रुजू व्हायला परदेशी जायचं तर सोबत पासपोर्ट हवाच. अधिकाऱ्याला शंका आली तर प्रत्येक देशाने चोवीस तास उत्तर देणारं कार्यालय ठेवायचं आहे.

मला स्वतःला या करारातलं सातवं कलम सगळ्यात आवडतं. तंत्रज्ञानाचा एक शब्द नाही त्यात. ओळखपत्र कायम खलाशाजवळ राहील. कप्तानाने सांभाळायला ठेवायचं तर खलाशाची लेखी संमती हवी. आमच्या वेळी चढल्या चढल्या सगळी कागदपत्रं कप्तानाच्या तिजोरीत. संमती कोण विचारतो? तसंच, चिपमध्ये जे डोळ्यांना दिसत नाही ते पाहण्याची सोय खलाशाला मिळाली पाहिजे, असंही करार म्हणतो.

पण कार्ड देणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा समोरच्याने वाचण्याचा, मानण्याचा. व्हिसा मागू नये म्हणणाऱ्या कलमातच पळवाट आहे: ज्याला जमत नाही त्याने त्याच तोडीची दुसरी सोय करावी. अमेरिकेने तर करारच मान्य केलेला नाही, तिथे किनाऱ्यावर उतरायला व्हिसा लागतो तो लागतोच.

आमच्या गल्लीतला एक पोरगा मागे नवं कार्ड दाखवायला आला होता. शेव-उसळ खाता खाता विचारलं त्याने, "काका, हे ह्यूस्टनला चालेल?" मी नाही म्हटलं. त्याने हात पुसले, कार्ड पाकिटात ठेवलं, आणि फोनवर व्हिसाचा अर्ज उघडला.