भर एप्रिलात ओली भिंत

[साखर पेठ, दुपारचे तीन. शेजारून मागांचा खडखडाट.]

एप्रिलचा दुसरा आठवडा. सोलापुरात पारा 40च्या वर, दोरीवरची चादर अर्ध्या तासात कडक वाळते. आणि या घरातली आतली भिंत ओली आहे.

हात लावला तर गार लागते. जमिनीपासून कमरेइतकी ओल, वर वाकडीतिकडी रेघ आणि रेघेवर पांढरं काहीतरी. बुरशी वाटते, पण बोटानं घासली की कोरडी पूड झडते. हा लोणा. जमिनीतून वर चढणारं पाणी माती-विटांतले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि रंगाचे पोपडे सुटतात.

मावशींनी दोन दिवाळ्यांना रंग दिला, तोही महागातला. तिसऱ्या वर्षी सिमेंटचा गिलावा केला, तर ओल गुडघ्यावरून कमरेला आली. येणारच! समोरची वाट बुजवली की पाणी आणखी वर चढून बाहेर पडतं.

पण पाणी येतंय कुठून? पाऊस जाऊन सहा महिने झाले. छताची ओल वरून उतरते. ही तर खालून चढलेली. मिस्त्रींनी भिंतीवर प्लॅस्टिकचा चौकोन लावून चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. दोन दिवसांनी थेंब भिंतीकडच्या अंगाला. म्हणजे खोलीतल्या हवेचा दोष नाही, पाणी भिंतीतच आहे.

"मावशी, नळ कधी येतो?"

"चार-पाच दिवसांनी. आला की हौद गच्च भरून ठेवायचा."

आणि हौद कुठं? याच भिंतीला लागून, पलीकडं.

हौद भरला, पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारली, रात्रभर कुणी तांब्या बुडवला नाही. सकाळी पाणी रेघेखाली चार बोटं. उपसल्यावर कोपऱ्यात केसाएवढी भेग सापडली. सोलापूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. त्यात घर जुनं, जोत्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर नाही. आज बांधणाऱ्यानं तो चुकवू नये. चार पैसे तिथं वाचवण्यात अर्थ नाही.

भेग खाचून भरली, कोपऱ्यांना गोलाई दिली, आतून वॉटरप्रूफिंग केलं. मग भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा ओलीच्या वर फूटभर जाईल इतका पाडला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडला. धुतला असता तर क्षार पुन्हा विरघळून आत गेले असते. वाळल्यावर इथं चुन्याचा गिलावा येईल. तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

"रंग कधी?" मावशींना घाई.

"एक पावसाळा जाऊ दे," मिस्त्री म्हणाले, आणि ओलीच्या कडेला खडूनं रेघ ओढून शेजारी तारीख टाकली.

पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. जुन्या रेघेखाली चार बोटांवर दुसरी रेघ होती. तारीख मावशींच्या हातची.